पानावरचे मेण आणि जंतूंचे अन्न

वैशाख सरत आला असता येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर मागे टाकून कळंबच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला दोन्ही अंगांची काळी राने भेगाळलेली, ज्वारीची धसकटे उन्हाने पांढरी पडलेली आणि मांजरेचे पात्र ठिकठिकाणी वाळूवर आलेले दिसते. आणि तरीही बांधावर, गायरानात, पडक्या वाड्यांच्या ओट्याशी रुईचे झाड आपली जाड, फिकट हिरवी पाने पसरून तजेलदार उभे असते, व जवळच कुठे तरी तरवडाचे झुडूप आपला हिरवेपणा राखून असते. आणेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की नाही याची चर्चा ज्या तालुक्यात दर काही वर्षांनी होते, आणि ज्याच्या उशाशी असलेले मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ सालच्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या तालुक्यात ही झाडे पाणी कोठून आणतात हा प्रश्न जितका महत्त्वाचा आहे, तितकाच ती आहे ते पाणी कसे राखतात हाही आहे. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग पानाच्या पृष्ठभागावर, नखाने खरवडता येईल इतक्या पातळ थरात सापडतो.

तो थर मेणाचा असतो. जमिनीवर वाढणाऱ्या बहुतेक सर्व वनस्पतींच्या पानांवर, कोवळ्या देठांवर आणि फळांवर क्यूटिकल नावाची एक अखंड त्वचा असते, आणि या त्वचेत व तिच्यावर जे मेण साचते त्यात अल्केन या वर्गाची द्रव्ये ठळकपणे आढळतात. अल्केन म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांची साखळी. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्यूटेन ही तीन आणि चार कार्बनांची अल्केने, पेट्रोलात पाचापासून पुढची, रॉकेलात दहा-बारांच्या आसपासची, आणि मेणबत्तीच्या पॅराफिनात वीस-तीस कार्बनांची. पानावरच्या मेणात जी सापडतात ती बहुधा पंचवीस ते पस्तीस कार्बनांची असून त्यांत विषम संख्येची अल्केने समसंख्येच्या अल्केनांपेक्षा कितीतरी अधिक असतात. कोबीच्या पानावर जे निळसर भस्मासारखे तेज दिसते त्यात एकोणतीस कार्बनांचे नोनाकोसेन प्रमुख आहे, तर वाटाण्याच्या पानावर एकतीस कार्बनांचे हेंट्रायाकाँटेन.

या विषमतेचे कारण मोठे सुंदर आहे. वनस्पती मेदाम्ले तयार करते ती दोन-दोन कार्बनांचे तुकडे जोडून, त्यामुळे त्यांच्या साखळ्या सम संख्येच्या होतात; पुढे त्या लांबवून सव्वीस, अठ्ठावीस, तीस कार्बनांपर्यंत नेल्यावर साखळीच्या टोकाचा ऑक्सिजनयुक्त कार्बन गळून पडतो आणि एक कार्बन कमी झालेले, म्हणजे विषम संख्येचे, अल्केन उरते. जमिनीतून काढलेल्या खनिज तेलातील अल्केनांत सम-विषमाचा असा पक्षपात फारसा राहिलेला नसतो. म्हणूनच मातीच्या नमुन्यात सापडलेले मेण झाडाचे की इंजिनाच्या तेलाचे, याचा निवाडा रसायनज्ञ या संख्येच्या साक्षीवरून करू शकतो.

अल्केन पाण्यात विरघळत नाही, आणि साध्या उष्णतेत आम्लाशी वा अल्कलीशी त्याची क्रिया होत नाही. एवढ्या निर्विकार द्रव्याला झाडाने आपल्या सरहद्दीवर का बसवावे, हे त्यामुळेच ध्यानात येते. दुपारी पानावरची रंध्रे मिटल्यानंतर पाणी बाहेर जाण्याचा मार्ग उरतो तो या त्वचेतूनच, आणि प्रयोगशाळेत मेण धुऊन काढलेल्या त्वचेतून पाणी झिरपण्याचा वेग दहापटीपासून शेकडोपटींपर्यंत वाढलेला आढळला आहे. मेणात अल्केनांबरोबर लांब साखळीची अल्कोहोले, एस्टरे, ट्रायटर्पीने असा मोठा परिवार असतो आणि पाणी अडवण्याचे श्रेय एकट्या अल्केनाला देता येत नाही. परंतु सरळ साखळ्या शेजारी शेजारी दाटीने रचल्या गेल्या म्हणजे पाण्याच्या कणाला त्यांतून वाट काढणे दुष्कर होते, आणि अल्केनाची साखळी अशीच सरळ असते.

सूक्ष्मजीवांच्या वाढीशी या थराचा संबंध येथूनच सुरू होतो. पानावर पडलेल्या जिवाणूला किंवा बुरशीच्या बीजाणूला वाढण्यासाठी प्रथम ओलावा लागतो आणि मग अन्न. मेणाचा पृष्ठभाग त्याला दोन्ही नाकारतो: पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही, गोळा होऊन घरंगळून जातो, आणि जाताना धूळ व बीजाणू सोबत नेतो; शिवाय आतल्या पेशींतील शर्करा आणि अमिनो आम्ले बाहेर झिरपत नाहीत. अर्थात शत्रूही या सरहद्दीला सरावलेले आहेत. भुरी नावाचा जो रोग आपले द्राक्षबागाईतदार पुरते ओळखतात, त्याच जातकुळीतील जवावर पडणारी भुरीची बुरशी पानाचे मेण वाचून पुढचे पाऊल टाकते, आणि मेणातील सव्वीस कार्बनांचा एक ॲल्डिहाइड लाभला म्हणजे तिचा बीजाणू रुजून पानात शिरण्याचा अवयव तयार करतो, असे जर्मनी व जपानमधील प्रयोगांत दिसून आले आहे. मेणात नेमका कोणता घटक आहे, हा सूक्ष्म भेद निर्णायक ठरतो.

आता औषधी गुणाकडे वळू. अडुळसा, निर्गुडी, तुळस, कडुनिंब, कोरफड, माका ही नावे कळंबच्या कोणत्याही घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात, आणि रुईचे पान तव्यावर शेकून दुखऱ्या सांध्यावर बांधण्याची रीत तर मराठवाड्यात सर्वत्र आहे. या वनस्पतींच्या पानांतही मेण आहे आणि मेणात अल्केने आहेत. प्रश्न असा की, औषध म्हणून त्यांचा उपयोग होताना ही अल्केने रोग्याच्या शरीरात जातात काय? येथे आपल्या जुन्या औषधनिर्मितीतील एक भेद फार उपयोगी पडतो. काढा पाण्यात होतो, आणि पाण्यात अल्केन उतरत नाही. अडुळशाचा काढा गाळल्यावर पानावरचे जवळजवळ सगळे मेण चोथ्यात राहते. उलट तीळतेलात पाने उकळून जे सिद्ध तेल करतात, त्यात मेण सहज विरघळते. एकाच झाडाचा काढा आणि तेल ही दोन औषधे रासायनिक दृष्टीने अगदी निराळी आहेत, आणि एकाच्या गुणावरून दुसऱ्याचा गुण गृहीत धरता येत नाही.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून मात्र तिसराच मार्ग रूढ आहे. पाने सावलीत वाळवून, कुटून, पेट्रोलियम ईथर किंवा हेक्झेन या द्रवात त्यांचा अर्क काढतात, आणि ही दोन्ही द्रावके स्वतःच लहान साखळीच्या अल्केनांची बनलेली असतात. मग तो अर्क कागदाच्या चकतीवर किंवा आगर या जेलीतील खड्ड्यात घालून त्याभोवती जंतूंच्या थरात मोकळे वलय पडते का ते पाहतात, आणि अर्काचा एक भाग मुंबईच्या आयआयटीतील सॅफ या विश्लेषण-सुविधेसारख्या केंद्राकडे पाठवून त्यातील घटकांची यादी मागवतात. यादीत हेक्झाडेकेन, ऑक्टाडेकेन, आयकोसेन, टेट्राकोसेन अशी नावे येतात, आणि निबंधात वाक्य पडते की, या अल्केनांमुळे वनस्पतीला जंतुनाशक गुण प्राप्त झाला.

या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही, आणि माझे आक्षेप सविस्तर मांडणे मला कर्तव्य वाटते, कारण या प्रयोगांमागे तालुक्यातालुक्यांतील विद्यार्थ्यांची खरी मेहनत असते. आगर म्हणजे बहुतांशी पाणी. ज्या द्रव्याला पाणी वर्ज्य, ते चकतीपासून बाजूला पसरणार कसे आणि वलय पाडणार कसे? वलय पडले असेल तर ते अर्कातील एखाद्या फिनॉलमुळे, टर्पीनमुळे, लहान मेदाम्लामुळे किंवा पुरेसे न उडालेल्या द्रावकामुळेही पडले असू शकते. पाच ते आठ कार्बनांची द्रवरूप अल्केने अनेक जंतूंना खरोखरच घातक असतात, कारण ती पेशीच्या पटलात शिरून त्याची घडी मोडतात. साखळी दहा-बारांपलीकडे गेली की हा घातकपणा झपाट्याने ओसरतो. पानावरचे अल्केन तीसच्या आसपास कार्बनांचे आहे. दुसरी गोष्ट ओळखीची. वायुवर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपट यांच्या जोडयंत्रात लांब अल्केनांचे तुकडे जवळजवळ एकसारखे पडतात, सत्तावन्न, एकाहत्तर, पंच्याऐंशी हेच आकडे प्रत्येकाच्या पत्रिकेत. त्यामुळे संगणकाने सुचवलेले नाव चोवीस कार्बनांचे असले तरी द्रव्य सत्तावीसचे निघू शकते. खात्री करावयाची तर ज्ञात अल्केनांचा संच त्याच यंत्रातून सोडून प्रत्येकाच्या बाहेर पडण्याच्या वेळेशी मेळ घालावा लागतो. एर्विन कोवाट्स याने १९५८ साली सुचवलेली ही मोजणी आज सुगंधी तेलांच्या रसायनशास्त्राचा पाया झालेली आहे, आणि तिची मोजपट्टी सरळ अल्केनांचीच आहे. याखेरीज प्लास्टिकच्या बाटल्या, मेणाची चिकटपट्टी, अशुद्ध द्रावक यांतूनही अल्केने नमुन्यात शिरतात. सम आणि विषम सारख्याच प्रमाणात दिसली तर प्रथम बाटलीवर संशय घ्यावा.

याचा अर्थ लांब अल्केन औषधी दृष्टीने पूर्णतः निरुपयोगी आहे असा नव्हे. हेंट्रायाकाँटेनाने पेशींत व उंदरांत दाह उतरल्याचे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत, आणि ते पुढे न्यावेत. परंतु दाह उतरवणे हा रोग्याच्या शरीराशी चाललेला व्यवहार झाला. जंतू मारणे हे निराळे प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात पुरावा थेट उलट दिशेचा आहे: असंख्य जंतू अल्केन खाऊन वाढतात.

या खाण्याचा एक उत्तम दाखला आपल्या मुंबईच्या समुद्रातलाच आहे. तेलाने दूषित झालेल्या तेथील पाण्यातून यारोविया लिपोलिटिका या जातीचे एक किण्व वेगळे करण्यात आले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात त्याची एनसीआयएम ३५८९ या क्रमांकाने नोंद झाली. या किण्वावर स्मिता झिंजर्डे, मुकुंद देशपांडे आणि अदिती पंत यांनी जे काम केले ते मराठी वाचकाला परिचित असावयास हवे होते. अदिती पंत म्हणजे नागपुरात जन्मलेल्या, आणि सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. त्यांचे हे दुसरे, शांतपणे केलेले कार्य फारसे कोणी सांगत नाही. हे किण्व बॉम्बे हायच्या कच्च्या तेलातील अल्केनांचा भाग खाऊन वाढते, आणि खाण्यापूर्वी स्वतःच एक पायसकारी द्रव्य सोडून तेलाचे पाण्यात बारीक थेंब करते. पुढची क्रिया बहुतेक अल्केनभक्षकांत सारखी आहे: साखळीच्या टोकावर ऑक्सिजनचा एक अणू बसवायचा, त्यातून अल्कोहोल, मग ॲल्डिहाइड, मग मेदाम्ल, आणि एकदा मेदाम्ल झाले की तुपाचे जे होते तेच याचेही होते, दोन-दोन कार्बनांनी ते तुटत जाते. झाडाने ज्या क्रमाने मेण रचले त्याच्या जवळजवळ उलट क्रमाने जंतू ते उसवतात. पहिला ऑक्सिजन बसवणे हे सर्वांत अवघड कर्म. त्यासाठी स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंत एक विशिष्ट विकर असते आणि किण्वांत दुसरे.

अल्केनात ऊर्जा पुष्कळ असते. एक ग्रॅम साखरेवर साधारण अर्धा ग्रॅम किण्व वाढते, तर एक ग्रॅम अल्केनावर जवळजवळ एक ग्रॅम. म्हणूनच १९६० च्या दशकात फ्रान्समधील लाव्हेरा येथे आल्फ्रेड शांपान्या यांनी पेट्रोलियमवर किण्व वाढवून जनावरांसाठी प्रथिने करण्याचा उद्योग मांडला होता. तेल महागले आणि तो बारगळला. विमानांच्या टाक्यांत तळाशी जमलेल्या पाण्यावर केरोसीनची बुरशी वाढते आणि नळ्या तुंबवते, तशीच कामगिरी आपल्या शेतातील डिझेल इंजिनाच्या टाकीतही होते. पावसाळ्यानंतर गाळणीवर येणारा चिकट काळा गाळ पुष्कळदा जंतूंचा असतो. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेलाचे अनेक घटक पचवणारा जिवाणू घडवला आणि त्यावरील पेटंटाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला, ही हकीगत तर कायद्याच्या पुस्तकांतही गेली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल पसरले, तेव्हा तेल खाणाऱ्या जिवाणूंची चर्चा पुन्हा झाली. पण जंतूला तेलाबरोबर हवा, नत्र आणि स्फुरदही लागते, आणि ते न मिळाल्यास जगातला उत्तमातला उत्तम जिवाणूही किनाऱ्यावर उपाशी राहतो.

हवेचा हा मुद्दा आपल्या जिल्ह्याच्या एका प्रसिद्ध जनावराच्या पोटात तपासून पाहता येतो. उस्मानाबादी शेळी बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, बोरीची पाने ओरबाडत दिवसभर फिरते, आणि पाल्याबरोबर त्यावरचे मेणही तिच्या पोटात जाते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जंतूंची संख्या अफाट असते, परंतु तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. म्हणून एकतीस आणि तेहतीस कार्बनांची अल्केने बहुतांशी न पचता लेंडीतून बाहेर पडतात. स्कॉटलंडमधील मेयस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याच गोष्टीचा उपयोग करून एक पद्धत बसवली: जनावराला बत्तीस कार्बनांचे अल्केन मोजून द्यावयाचे, जे पाल्यात जवळजवळ नसते, आणि शेणातील बत्तीस व तेहतीस यांच्या प्रमाणावरून त्याने माळावर किती चारा खाल्ला याचा हिशेब काढावयाचा. ज्या शेळीला कोणी दावणीला बांधून चारा तोलून घालत नाही, तिच्या खाण्याची जमाबंदी करण्याचा याहून नेमका उपाय मला माहीत नाही.

हवा नसली म्हणजे पानावरचे अल्केन किती काळ टिकते याची कल्पना लोणार सरोवराच्या तळाशी येते. तेथील गाळाचा स्तंभ काढून संशोधकांनी सुमारे अकरा हजार वर्षांचा पाऊसपाण्याचा इतिहास वाचला, आणि त्यात ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे असे दोन दीर्घ अवर्षणाचे कालखंड निघाले. या वाचनात क्षारांच्या स्फटिकांबरोबरच पानांच्या मेणातील अल्केनांचीही साक्ष काढली गेली. कोणत्या काळी भोवती गवत अधिक होते आणि कोणत्या काळी झाडे, पावसाचे पाणी कोणत्या समुद्रावरून आले, हे त्या साखळ्यांतील कार्बन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांवरून सांगता येते. कळंबच्या मातीत पडलेले रुईचे पान एवढे भाग्यवान नसते. काळ्या रानाच्या वरच्या हवेशीर थरात पहिल्या पावसानंतर जंतू त्याच्या मेणाला हात घालतात.

अल्केन खाण्याच्या याच गुणावर उसाच्या शेतकऱ्याचा एक मित्र जगतो. रांजणीच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांपासून सोयाबीन पेरणाऱ्यांपर्यंत हुमणीचा जाच सगळ्यांना आहे, आणि तिच्यावर बिव्हेरिया व मेटारायझियम या बुरश्या शेणखतात मिसळून टाकण्याचा सल्ला आता सर्रास दिला जातो. पुण्याजवळील मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे बीव्हीएम हे याच प्रकारचे मिश्रण आहे. कीटकाच्या कातडीवरही पानासारखाच मेणाचा थर असतो आणि त्यातही लांब अल्केने असतात. बिव्हेरियाचा बीजाणू त्या मेणाला चिकटतो आणि त्यातले अल्केन अन्न म्हणून वापरत कातडी भेदून आत शिरतो. अर्जेंटिनातील ला प्लाता येथील संशोधकांनी ही बुरशी साखरेऐवजी अल्केनावर वाढवली तेव्हा ती किडीवर अधिक जोमाने चालून गेली. जैविक औषधाच्या कारखानदारीला यातून पुष्कळ शिकण्याजोगे आहे.

तालुक्याच्या गावच्या विज्ञानशाखेत हे सर्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ज्या औषधी वनस्पतीवर काम करावयाचे तिची ताजी पाने न कुटता अर्धा मिनिट हेक्झेनमध्ये बुडवून काढावीत, म्हणजे आतला रस न येता केवळ वरचे मेण येते. ते मेण काचेच्या चंबूत घेऊन हेक्झेन पूर्ण उडू द्यावे, त्यावर बुशनेल आणि हास यांनी १९४१ साली सांगितलेले केवळ क्षारांचे द्रावण ओतावे, आणि त्यात झाडाखालची चिमूटभर माती टाकून चंबू आठवडाभर हलता ठेवावा. शेजारी एक चंबू मेणाशिवाय, एक मातीशिवाय, आणि एक असा की ज्यात कोरे हेक्झेन घालून उडवले आहे. पहिला गढूळ झाला आणि बाकीचे तीन स्वच्छ राहिले, तर त्या झाडाचे मेण त्या मातीतील जंतूंचे अन्न आहे असे लिहावे, आणि जंतू पुण्याच्या संग्रहाकडे ओळखीसाठी पाठवावेत. चारही स्वच्छ राहिले तर तोही निकाल निबंधात तितक्याच ठळकपणे छापावा.